दहा टनांची दुपार

फाटकाची कडी वाजली. खिट्. एवढंच.

पण दुपारच्या त्या निवांत घरात तेवढंही पुष्कळ झालं. आईचे डोळे टक्क उघडले. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी रोज छतावरून सरकत सरकत पंख्यापाशी पोचायची, आणि ती पोचेपर्यंत आईचा डोळा लागलेला असायचा. आज पट्टी अजून कपाटाच्या वरच रेंगाळत होती. म्हणजे अकरा-बारा मिनिटंच झाली असतील.

दारात बाबा उभा होता. खांद्यावर भिंगरी, आणि भिंगरीचे डोळे दिव्यासारखे लख्ख.

"उठली," बाबा म्हणाला, हातून बशी फुटल्याची कबुली द्यावी तसा.

"मी उठले नाही. मी झोपलेच नव्हते," भिंगरी म्हणाली आणि खांद्यावरून घसरत खाली उतरून कामाला लागली. तिची कामं पुष्कळ असत. साडेतीन वर्षांच्या माणसाला दिवस पुरत नाही.

भिंगरी दुपारी घरात झोपत नसे. अंगाई, गोष्ट, पाठीवर थोपटणं, डोळे वटारणं, सगळं करून झालं होतं. ती झोपे फक्त गाडीत. म्हणून जेवणं झाली की बाबा तिला जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर बांधून तलावापर्यंत एक फेरी मारून आणी, अंगणातल्या झाडाखाली गाडी उभी करी, खिडक्या उघड्या टाकी आणि स्टिअरिंगवर हात ठेवून पहारा देत बसे. फाटक बंद झाल्यापासून भिंगरी जागी होईपर्यंतचा हा वेळ म्हणजे आईचा तास. घरात त्याला तसंच म्हणत. त्या तासात ती काही विणत नसे, काही निवडत नसे, फोनही घेत नसे. नुसती पडून राही. अंगावरून पाणी वाहून जावं तसा तो तास तिच्या अंगावरून जाई, आणि ती उठे तेव्हा पुन्हा माणसात आलेली असे.

आठ दिवसांपूर्वी गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाला वाचा फुटली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर ते खडाक् करून वाजू लागलं, आणि नुकतीच पेंगलेली भिंगरी त्या आवाजासरशी ताठ बसू लागली. तासाचा पाऊण तास झाला, मग पंचवीस मिनिटं, आणि आज हे असं. आईची अवस्था मात्र दिवसेंदिवस तरल होत चालली होती. काल बेल वाजली तेव्हा तिने फ्रीज उघडून "या, बसा" म्हटलं होतं.

गॅरेजवाल्याला फोन झाला. त्याने फोनवरच निदान केलं. चाकाजवळचं एक रबर गेलंय, दहा मिनिटांचं काम आहे, गाडी चार दिवस लावून जा. दहा मिनिटांना चार दिवस कसे, असं बाबाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की दहा मिनिटं त्याची आणि चार दिवस पुढच्या गाड्यांचे.

चार दिवस. आईने बाबाकडे बघितलं, आणि त्या बघण्यात चारही दिवस होते.

"मीच करतो," बाबा म्हणाला.

इथे सांगायला हवं की बाबाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी ते बंद असे. एरवी दिवसभर डोळ्याला भिंग लावून तो मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने बसवी. कामावर त्याने उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे एक लंबकाचं घड्याळ, आणि तेही दोघांनी धरलं होतं. त्याचे वडील, म्हणजे भिंगरीचे आजोबा, पस्तीस वर्षं गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले. पाच टनांखालच्या मालाला ते माल म्हणत नसत. मुलाने घड्याळाचा धंदा निवडला तेव्हा ते एवढंच म्हणाले होते की ठीक आहे, कुणीतरी हलकीही कामं करायला पाहिजेत.

गाडी उचलायची आहे, हे कानावर पडताच आजोबा पाच वर्षांनी तरुण झाले.

बाबाने गाडीचं पुस्तक काढून वजन बघितलं. आठशे पन्नास किलो. घड्याळजी माणूस, सावध. त्याने मनातल्या मनात दुप्पट करून दोन टनांचा जॅक पुरे असं ठरवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं. आजोबांनी चिठ्ठी वाचली. गोदीत त्यांचा एक नियम होता, कागदावर जो आकडा असेल त्याच्या दुप्पट धरायचा, कारण कागद लिहिणारा कधी आकड्याखाली उभा राहत नाही. त्यांनी दोनाचे चार केले. भिंगरीने त्या चारापुढे पेनने एक गोल काढला, पण तो कुणी धरला नाही.

दुसऱ्या दिवशी अवजारांच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने विचारलं, काय उचलायचंय. सरळ प्रश्न होता, "घरची छोटी गाडी" असं सरळ उत्तर होतं. पण आजोबांना आयुष्यात कुणी वस्तूचं नाव विचारलं नव्हतं, वजनच विचारलं होतं.

"चार टन," ते म्हणाले.

दुकानदाराने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. तोवर त्याने बाबासमोर एक बसका, लाल, चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक ठेवला होता आणि घरच्या गाडीला सगळे हाच नेतात, कितीही बुटक्या गाडीखाली जातो, असं सांगत होता. आता त्याने तो पायाने मागे सारला. चार टन भार म्हणजे आठ टनांचा तरी पाहिजे, तोही सावध माणूस होता. आठचा नव्हता. दहाचा होता. फळीवरून दोन्ही हातांनी उतरवलेला, उभ्या बाटलीसारखा, काळा, गप्प आणि ठाम. आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जुना सहकारी भेटल्यासारखा.

बाबाने चाचरत विचारलं की हा जरा उंच नाही का. त्याच्या खिशात मोजपट्टी होती, गाडीखालची जागा त्याने सकाळीच मोजली होती. आजोबा म्हणाले, जॅक मोजायचा नसतो, त्याच्यावर विश्वास टाकायचा असतो.

दुकानदाराने मात्र एक गोष्ट दोनदा बजावून सांगितली. जॅक फक्त उचलतो, सांभाळायचं काम स्टँडचं. जॅकवर उभ्या गाडीखाली कधी हातसुद्धा घालायचा नाही. हे आजोबांना इतकं पटलं की त्यांनी स्टँडच्या एका जोडीऐवजी दोन जोड्या घेतल्या, तेही जॅकला शोभतील असे. चार तिपायी स्टँड टेम्पोतून घरी आले तेव्हा अंगणात कुणीतरी पूल बांधायला काढला आहे असं वाटत होतं.

जॅक गाडीखाली गेला नाही.

बाबाने मोजलं. गाडीखालची जागा साडेअठरा सेंटिमीटर, जॅकची उंची तेवीस. घड्याळाच्या धंद्यात साडेचार सेंटिमीटर म्हणजे दोन तालुक्यांमधलं अंतर.

"म्हणजे जॅक लावायला आधी गाडी उचलायला पाहिजे," आई दारातून म्हणाली.

"हो," बाबा म्हणाला.

"आणि गाडी उचलायला जॅक लावायला पाहिजे."

बाबाने मोजपट्टी पुन्हा लावून पाहिली. आजोबा मात्र अजिबात डगमगले नाहीत. गाडी फळ्यांवर चढवायची, ते म्हणाले. जाड, सरळ, सुकलेलं लाकूड हवं. मग ते घरभर डोळ्यांनी लाकूड शोधू लागले. स्वयंपाकघरातला पाट बारीक होता. माळ्यावरची फळी वाळवीने पोकळ केली होती. शेवटी त्यांची नजर आतल्या खोलीत गेली आणि तिथे थांबली.

पलंगाच्या फळ्या खरोखरच उत्तम होत्या. गादी उचलून भिंतीला टेकवली गेली, फळ्या एकामागून एक बाहेर गेल्या, आणि आई दाराच्या चौकटीला टेकून स्वतःचा तास तुकड्यातुकड्याने अंगणात जाताना पाहत राहिली. ती अडवू शकली असती. पण झोप न झालेल्या माणसाला सगळं थोडं लांबून, पाण्याखालून दिसतं, आणि पाण्याखाली माणूस वाद घालत नाही. तिने फक्त विचारलं की रात्रीपर्यंत हे सगळं परत होईल ना. बाबा म्हणाला, रात्री कशाला, चार वाजता तू त्यावर झोपलेली असशील.

दोन-दोन फळ्यांच्या थरावर गाडी चढली. जॅक खाली गेला. वर अर्धा सेंटिमीटर उरला, त्याचा बाबाला इतका आनंद झाला की त्याने तो दोनदा मोजला. आजोबांनी मागच्या चाकांना विटा लावल्या, दांडा हातात घेतला आणि पंप मारू लागले. दहा टनांच्या जॅकला आठशे पन्नास किलो कळलेही नाहीत. उशीवर आलेला केस बाजूला करावा तशी त्याने गाडी वर घेतली. दोन्ही बाजूंना स्टँड लागले, जॅक सुटला. स्टँड सगळ्यांत खालच्या खाचेवर होते तरी गाडीचं नाक माणसाच्या कमरेशी आलं होतं. ती आकाशाकडे तोंड करून बसली, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी.

काम डाव्या पुढच्या चाकाचं. एवढ्यावर भागलं असतं. पण आजोबा मागे सरले, मान वाकडी केली, आणि त्यांना ते सहन होईना. पस्तीस वर्षांत त्यांनी तिरका भार कधी ठेवला नव्हता. शिवाय दुसरी जोडी होतीच. मग मागची बाजूही वर गेली, आणि दुपारी अडीच वाजता ती जुनी निळी गाडी चार पायांवर, जमिनीपासून उचललेली, झाडाच्या सावलीत तरंगू लागली. आजोबांनी चारही बाजूंनी तिला धक्के मारून पाहिले. ती हलली नाही.

"आता हिच्यावर हत्ती बसवा," ते म्हणाले.

बाबाने चाक काढलं, आत हात घातला आणि कामाच्या दहा मिनिटांपैकी सहा मिनिटांत ते झिजलेलं रबर काढून तळहातावर घेतलं. सुकलेल्या अंजिरासारखं ते दिसत होतं. एवढ्याशा वस्तूने आपली झोप खाल्ली, हे आईला पटेना. नवं रबर मात्र आणायचं राहिलं होतं. सगळ्यांचं लक्ष इतकं वजनावर होतं की ज्यासाठी वजन उचललं ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. जुनं रबर नमुना म्हणून कागदात गुंडाळून बाबा चालत निघाला, आणि यावेळी तरी नीट वस्तू यावी म्हणून आजोबाही बरोबर गेले. जाताना ते दोनदा वळून म्हणाले की कुणी गाडीखाली जायचं नाही. वर जाण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

घरात आई आणि भिंगरी उरल्या. दुपार अगदी मधोमध आली होती. पलंगाचा नुसता सांगाडा उरला होता, गादी भिंतीला टेकून उभी होती, आणि भिंगरी झोपेने तांबारलेल्या डोळ्यांनी अंगणात उभी राहून म्हणत होती, "फिरायला."

"गाडी मोडलीय, राणी."

"नाही मोडली. उंच झालीय."

हे खरं होतं. आईने समजावलं, गोष्ट काढली, चेंडू आणला. भिंगरीचा खालचा ओठ थरथरू लागला. तो थरथरला की पुढे पाऊण तास रडणं असतं हे आईला ठाऊक होतं, आणि आज तिच्यापाशी पाऊण तास रडणं ऐकण्याएवढं काही शिल्लक नव्हतं. किल्ली बाबाच्या खिशात होती. स्टँड चारही जागच्या जागी होते. तिने स्वतः हाताने दाबून, मग खांद्याने रेटून पाहिलं. मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, भिंगरीला वर चढवलं आणि मागून स्वतः चढली. नुसतं पाच मिनिटं बसायचं, असं तिने ठरवलं.

भिंगरीने पुढची सीट घेतली. आईला तिने मागे बसायला सांगितलं आणि पट्टा लाव म्हणून दम दिला. आईने पट्टा लावला.

आणि मग तिला दिसलं की कुंपणाची भिंत खाली गेली आहे. सहा वर्षं या घरात राहून तिला त्या भिंतीपलीकडचं कधी दिसलं नव्हतं, फक्त ऐकू यायचं. आता तिथे एक मोकळं रान होतं, गुडघ्याएवढं पिवळं गवत, त्यात उलटी पडलेली एक होडी. होडी इथे कुठून आली, कुणी ओढत आणली, ठाऊक नाही. गवत एका बाजूला झुकायचं आणि परत यायचं. लांबवर एका गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या, फुगत होत्या, बसत होत्या. झाडाची एक फांदी खिडकीशी आली होती आणि तिच्यावरची मुंग्यांची रांग आईच्या डोळ्यांसमोरून, अगदी तिच्या उंचीवरून, कामाला चालली होती.

"घुर्रर्र," भिंगरी पुढून म्हणाली. ती फार जपून चालवत होती. वळणावर सांगत होती, वळण आलं. गतिरोधक आला की थांबत होती, हळू घेत होती, आणि तो ओलांडला की मागे न बघता कळवत होती, "वाजला नाही."

"छान चालवतेस," आई म्हणाली. निदान तिला तसं म्हणायचं होतं. गवत झुकलं. ते परत आलेलं तिने पाहिलं नाही.

साडेतीनला बाबा आणि आजोबा नवं रबर घेऊन फाटकात आले, तेव्हा गाडीच्या खिडकीतून भिंगरीचं डोकं बाहेर आलं आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच झोपलीय," ती कुजबुजली. आवाजात तो सगळा थकवा होता जो मोठ्या माणसांच्या आवाजात असतो.

दोघांनी टाचा उंचावून आत पाहिलं. मागच्या सीटवर आई झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात पट्ट्यात अडकलेला. बाबाला वाटलं, किती दिवसांनी हिचं कपाळ सपाट दिसतंय. त्याने रबर बसवायला हात पुढे केला, तर आजोबांनी त्याचं मनगट धरलं. भारावर माणूस असताना भाराखाली कुणी जायचं नाही आणि भार हलवायचा नाही. हा दुप्पट धरायचा नियम नव्हता, हा साधा नियम होता. त्यांच्या डोळ्यांसमोर तो एकदा मोडला गेला होता, पण ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आताही सांगितलं नाही.

"मग उठवू या तिला," बाबा म्हणाला.

"उठव."

बाबाने पुन्हा आत पाहिलं. "तुम्ही मोठे आहात. तुम्ही हाक मारा."

"बायको तुझी आहे."

"सून तुमची आहे."

"अरे, मी आयुष्यात बोटीचा कप्तान उठवलाय झोपेतून," आजोबा म्हणाले, "पण हे मला जमायचं नाही."

इतक्यात शेजारच्या शिक्षिकाबाई आपलं घड्याळ झालं का विचारायला फाटकाशी आल्या. तीस वर्षं वर्गात बोलून त्यांचा आवाज लहान व्हायचं विसरला होता. त्यांनी तोंड उघडायच्या आत तीन बोटं तीन ओठांवर गेली. त्या आत आल्या, तरंगती गाडी पाहिली, स्टूल पाहिलं, जमिनीवरचं चाक पाहिलं, आणि हा काय पोरकटपणा चालवलाय, बाईमाणसाला असं टांगून ठेवतात का, हे सगळं त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं. मग उठवायला म्हणून त्या ठामपणे पुढे झाल्या, स्टुलावर चढल्या, खिडकीतून वाकल्या.

खूप वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. उतरल्या तेव्हा भुवया जागेवर आल्या होत्या.

"माझी दोन्ही पोरं लहान होती तेव्हा..." एवढंच त्या कुजबुजल्या, आणि चपला हातात घेऊन फाटकाबाहेर गेल्या.

मग कुणी काही केलं नाही. आजोबा आणि बाबा पायरीवर शेजारी बसले. रबर बाबाच्या हातात होतं. दुकान उघडायची वेळ झाली; तो उठला नाही. भिंगरीला खाली उतरवायला त्याने दोनदा हात पुढे केले, पण तिने मान हलवली. ती चालवत नव्हती आता. गाडी उभी करून, स्टिअरिंगवर हात ठेवून ती बसली होती, आणि फांदीवर पाखरू आलं तर त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होती. साडेतीन वर्षांत ती इतका वेळ एका जागी कधी बसली नव्हती. आजोबा हळूच म्हणाले, हिला गोदीत लगेच घेतलं असतं. बाबा म्हणाला, तो लहान लाल जॅक घेतला असता तर गाडी एवढी वर गेली नसती. आजोबा म्हणाले, तेच म्हणतोय मी.

ऊन पिवळं झालं, मग नारिंगी. गवताचा वास भिंतीवरून आत आला.

आईने डोळे उघडले तेव्हा तिला काहीच ओळखीचं दिसलं नाही. आकाशाचा एक तुकडा, हलणारी पानं, आणि आपण कुठल्यातरी लांबच्या प्रवासात आहोत, नाव नसलेल्या ठिकाणी थांबलो आहोत, एवढंच. क्षणभर तिला ना वय होतं, ना घर, ना सांडलेलं दूध, ना वाळत घातलेले कपडे. खाली पायरीवर दोन पुरुष एकमेकांना टेकून पेंगत होते. ते कोण, हेही तिला जरा उशिराच आठवलं.

पुढच्या सीटवरून एक लहान चेहरा सीटच्या पाठीवर हनुवटी ठेवून तिच्याकडे टक लावून पाहत होता. किती वेळ पाहत होता कोण जाणे. आईला झोपलेलं भिंगरीने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. रात्री ती आईच्या आधी झोपे, सकाळी आईच्या नंतर उठे.

"तू झोपली होतीस," भिंगरी म्हणाली.

"हो गं. खूप वेळ?"

"खूप." भिंगरीने हात पुढे करून आईच्या गालावर पट्ट्याचा उमटलेला वळ बोटाने तपासला. मग तिने जरा विचार केला.

"आई, तू झोपली होतीस तेव्हा आई कोण होतं?"